यवतमाळ अर्धविरामानं सुरू होतं

दत्त चौकाच्या आजूबाजूच्या कुठल्याही गल्लीत शिरा. झेरॉक्सची दोन दुकानं आणि त्यांच्या मधोमध दाबून बसवलेला एक गाळा दिसेल. पाटीवर 'डीटीपी, लग्नपत्रिका, प्रबंध, सर्व प्रकारचे ऑनलाईन फॉर्म' असं पुष्कळ काही लिहिलेलं असतं, पण माणसं तिथे येतात ती पाटीवर नसलेल्या कामासाठी. त्यांची फाईल उघडत नसते. किंवा उघडत असते, पण आत मराठी नसतं. गाळ्यातल्या माणसाला सगळे भाऊ म्हणतात. नाव असेल त्याला काहीतरी, पण रेशनकार्डाबाहेर ते कोणी वापरलेलं नाही. असा भाऊ वणीला असतो, दिग्रसला असतो, पुसदला असतो. पांढरकवड्याला तर दोन असावेत, आणि त्यांचं आपसात बोलणं नसावं, कारण एक श्रीलिपी फॉन्टचा नि दुसरा कृतिदेवचा.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. चष्मा कपाळावर, कारण पडद्याकडे बघताना तो लागत नाही आणि गिऱ्हाइकाकडे बघायची वेळ कमी येते. बोटं मात्र टाईपरायटरची. दहावीनंतर टायपिंगच्या क्लासात रेमिंग्टनच्या मशीनवर मराठी तीस आणि मराठी चाळीस पास झालेला हा माणूस कीबोर्डावरही खटके मारतो. त्याचा कीबोर्ड सहा महिन्यांच्या वर जगत नाही. ओळ संपली की डावा हात आपोआप हवेत उचलला जातो, कॅरेज ढकलायला. कॅरेज जाऊन पंचवीस वर्षं झाली, हाताला कोणी कळवलेलं नाही.

भाऊ आधी फाईल बघत नाहीत. आधी माणूस बघतात.

"कोणं टाईप केली?"

"भाच्यानं."

"भाचा कुठचा?"

"दारव्ह्याचा."

"मंग सुरेख असन."

आणि असतो. (सुरेख हा फॉन्ट आहे, सी-डॅकचा. भाच्याच्या रूपाबद्दल भाऊंना काही म्हणायचं नसतं.) जिल्ह्याचा हा नकाशा त्यांच्या डोक्यात पक्का आहे. कोर्टाच्या आवारातून आलेलं प्रतिज्ञापत्र बहुतेक कृतिदेवात, कचेरीतलं पत्र आयएसएमवरचं, छापखान्यातून आलेली स्मरणिका श्रीलिपीत. फक्त कवींच्या बाबतीत भाऊ हात टेकतात. कवीचा फॉन्ट कवीच्या मुलाच्या मित्रावर अवलंबून असतो.

ही भानगड मुळात आहे काय, ते भाऊ गिऱ्हाइकाला समजावून सांगतात. गिऱ्हाईक विचारत नाही, तरी सांगतात. "कॉम्प्युटर अमेरिकेतला. त्याच्यात खुर्च्या 128. त्यायनं 1963 लेच वाटून टाकल्या, एबीसीडीले, आकड्यायले, स्वल्पविरामाले. आपण गेलो उशिरा. मंग आपल्या लोकायनं काय केलं? त्यायचीच माणसं बसू देली, अन् त्यायले फेटे बांधले!"

तज्ज्ञ मंडळी हेच चार पानांत सांगतात. 'आस्की' ही 1963 ची संकेतावली. तिच्यात मराठीला जागा नव्हती. म्हणून जुन्या फॉन्टवाल्यांनी फाईलच्या पोटात इंग्रजी अक्षरंच ठेवली आणि फॉन्टमध्ये त्यांच्या जागी देवनागरीची चित्रं काढली. फॉन्ट हजर असेतोवर सगळं झाकलेलं. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाईल गेली की पोटातलं बाहेर येतं. कृतिदेवात 'भारत' म्हणजे आत एच, के, के, जे, आर. 'मराठी' म्हणजे ई, जे, के, बी, एच. 'दिग्रस' सुरू होतं एफनं, कारण वेलांटी पहिली. आणि आमच्या जिल्ह्याचं गाव सुरू होतं चक्क अर्धविरामानं: अर्धविराम, ओ, आर, ई, के, जी.

"म्हून तं इथलं एकही काम पुरं होत नाही," भाऊ म्हणतात. "सुरुवातच थांबून."

बरं, प्रत्येक कंपनीनं ही मांडामांड आपापल्या मर्जीनं केली. श्रीलिपीची वेगळी, आकृतीची वेगळी, शिवाजीची वेगळी. त्यामुळे एका फॉन्टातला मजकूर दुसऱ्या फॉन्टात नेला की मराठीच दिसतं, पण असं मराठी की ज्ञानेश्वरांपासून आजतागायत कोणी लिहिलेलं नाही.

भाऊंना फॉन्ट लागत नाही. ते पोटातलं तसंच वाचतात. एकदा एक वकीलसाहेब घाईत आले होते. दुपारी तारीख, फाईल दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, लॅपटॉपात फॉन्ट नाही आणि गावात लाईट नाही. भाऊंनी ती इंग्रजी कचकच पडद्यावर घेतली आणि चष्मा कपाळावरच ठेवून घडाघडा वाचायला लागले: "वादी क्रमांक एक यांचे म्हणणे असे की, सदर धुऱ्यावरील निंबाचे झाड..." वकीलसाहेब शेजारी बसून हातानं लिहून घेत होते. बाहेर गर्दी जमली. कोणाला वाटलं, भाऊंच्या अंगात आलं.

यातली खरी गंमत अशी की, एवढं वाचूनही भाऊंना त्यातलं काही कळलेलं नसतं. त्यांना अक्षर दिसतं, मजकूर दिसत नाही. त्यांच्या हाताखालून गावातली मृत्युपत्रं गेली, फारकती गेल्या, दोन विरोधी उमेदवारांची एकमेकांवरची पत्रकं एकाच दुपारी गेली. पण 'भाऊ, त्या पत्रकात काय होतं हो?' असं विचारलं तर ते प्रामाणिकपणे आठवून सांगतात: "लई जोडाक्षरं होती." गावातली सगळी गुपितं ज्याला माहीत असायला हवीत, त्याला एकही माहीत नाही. म्हणून लोक विश्वासानं येतात. शुद्धलेखनाकडेही ते बघत नाहीत. तो प्रूफवाल्याचा विभाग. 'आशीर्वाद' दीर्घ की ऱ्हस्व, यावरून नवरी आणि नवरदेवाकडची मंडळी गाळ्यात भांडत असताना भाऊ शांतपणे बडीशेपेच्या गोळ्या खातात.

युनिकोडबद्दल त्यांच्या मनात आदर आहे. वाईट बोलत नाहीत. 1991 साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हाच तिच्यात देवनागरीला स्वतःची जागा मिळाली, 0900 पासून 097एफपर्यंत, पुन्हा 128च. विंडोज 2000 बरोबर मंगल नावाचा फॉन्टही आला. मजकुरात 'भ' म्हणजे 'भ'च, फॉन्ट असो की नसो. तत्त्वतः त्या दिवशी भाऊंचं दुकान बंद व्हायला हवं होतं.

"आला ना 1991 ले," भाऊ म्हणतात. "यवतमाळले पोचून रायला अजून. शकुंतलेनं निघाला असन मूर्तिजापूरहून." (शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळला रमतगमत येणारी जुनी रेल्वेगाडी.)

पोचताना त्यानं वाटेत भाऊंना बरंच काही दिलं. विंडोज एक्सपीच्या काळात मराठी नीट दिसायला कंट्रोल पॅनेलात खोल जाऊन एका चौकटीत टिक मारावी लागे आणि मग मशीन मूळ सीडी मागे. टिक मारायचं धाडस पुष्कळांकडे होतं. सीडी भाऊंकडे होती. त्या एका टिकवर त्यांनी घराचा स्लॅब टाकला, असं झेरॉक्सवाला सांगतो. भाऊ नाही म्हणत नाहीत.

मग सुरू झालं कन्व्हर्शनचं पर्व. कचेऱ्यांना युनिकोड हवं, वेबसाईटला युनिकोड हवं, आणि छापखाना अजून पेजमेकरवर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, 7.0, निघाली 2001 मध्ये. तिला युनिकोड कळत नाही. तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये यायचा, श्रीलिपीत जायचा, छापून झाल्यावर पुन्हा युनिकोडमध्ये हवा असायचा. जाताना पैसे, येताना पैसे. एसटीसुद्धा यापेक्षा वेगळं काय करते?

पेजमेकरसाठी भाऊंनी कोपऱ्यात एक वेगळं म्हातारं मशीन ठेवलं आहे. त्याला इंटरनेट नाही, अँटिव्हायरस नाही, झाकणही नाही. उन्हाळ्यात, पारा चढला की, त्याच्या शेजारी कूलर आणि भाऊंच्या शेजारी पुठ्ठा. त्या मशीनला हात लावायची परवानगी बायकोलाही नाही. दसऱ्याला हार मात्र पहिला त्याला.

कन्व्हर्टर इंटरनेटवर फुकट मिळतात. इकडे मजकूर चिकटवा, बटण दाबा, तिकडे युनिकोड. भाऊही तेच वापरतात, पडदा गिऱ्हाइकाकडून थोडा वळवून. पण बटण सगळ्यांना दाबता येतं. दाबल्यावर काय होतं ते भाऊंना माहीत आहे. टाईपरायटरच्या वळणाच्या फॉन्टात वेलांटी आधी मारायची, अक्षर मागून. युनिकोडमध्ये अक्षर आधी, वेलांटी नंतर. रफाराचं उलट: तिथे शेवटी, इथे सुरुवातीला. कन्व्हर्टरनं या सगळ्यांना उचलून जागेवर नेऊन बसवायचं असतं. वाटेत कोणी निसटलं की 'जिल्हाधिकारी' यांचे 'जलि्हाधकिारी' होतात आणि पदाचा सगळा दरारा जातो. एकट्या पडलेल्या वेलांटीला तर अक्षरच मिळत नाही, मग संगणक तिच्यासाठी ठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ काढून देतो. भाऊ त्याला 'बेवारस' म्हणतात. "एका पानात तीनच्या वर बेवारस असले तं रेट वेगळा."

दुसरा अपघात इंग्रजीचा. कन्व्हर्टरला सगळंच कृतिदेव वाटतं, खरं इंग्रजीसुद्धा. एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका एका हौशी कार्यकर्त्यानं घरीच बटण दाबून युनिकोड केली आणि थेट व्हॉट्सअॅपवर टाकली. त्यात प्रमुख पाहुण्या डॉक्टरांच्या नावापुढे इंग्रजीत एमबीबीएस होतं, त्याचं झालं 'डठठै'. वकिलांच्या एलएलबीचं 'स्स्ठ'. आणि आमदारसाहेबांच्या नावापुढच्या तीन इंग्रजी अक्षरांचं झालं 'डस्' आणि पुढे एक दंड. डॉक्टर हसले. वकील हसले. आमदारांच्या माणसाचा फोन आला. कार्यकर्ता घामाघूम होऊन भाऊंच्या गाळ्यात.

भाऊंनी पत्रिका पाहिली. "बराबर हाय," म्हणाले. "एम म्हणजे ड. एल म्हणजे अर्धा स. ए म्हणजे दंड. मशीनचं चुकलं नाही."

"भाऊ, पण 'डस्' म्हणते ना थे!"

"मशीन राजकारणात पडत नाही."

पण भाऊंचा खरा जीव अडकलाय तो एका अर्ध्या र मध्ये. शुद्धलेखनाशी ज्याचं देणंघेणं नाही, तो माणूस या एका अक्षरावरून भर दुपारी भांडतो. बाजारातले फुकट कन्व्हर्टर बहुतेक हिंदीचा अंदाज धरून केलेले. हिंदीला आपला तो आडवा, मिशीसारखा र लागत नाही. त्यामुळे कन्व्हर्ट झालेल्या मजकुरात 'शेतकऱ्यांना'चं 'शेतकर्यांना' होतं. आता यवतमाळ जिल्ह्यात कुठलाही शासकीय कागद उचला, त्यात दुसऱ्या ओळीच्या आत शेतकरी येणार. पीकविमा असो, बोंडअळी असो, अतिवृष्टी असो. प्रत्येक ठिकाणी त्याचा र उडून वर जातो नि य च्या डोक्यावर बसतो. तेच 'वऱ्हाड'चं. वऱ्हाडात बसून 'वर्हाड' लिहिलेलं भाऊंना पाहवत नाही.

त्यावर त्यांचा उपाय होता फाईंड-रिप्लेस. जिथे 'र्ह' दिसेल तिथे 'ऱ्ह' करा, सगळीकडे, एका झटक्यात. काही वर्षं हा उपाय चालला. मग एका संस्थेची नोकरभरतीची जाहिरात आली आणि 'शैक्षणिक अर्हता' या शब्दाची 'शैक्षणिक अऱ्हता' होऊन छापली गेली. अर्ज नेहमीइतकेच आले. एका उमेदवारानं तर अर्जातही 'माझी अऱ्हता' असंच लिहिलं. संस्थेचा शब्द आहे म्हटल्यावर बरोबरच असणार. तेव्हापासून भाऊ 'रिप्लेस ऑल' दाबत नाहीत. एकेक 'र्य' थांबून बघतात. सूर्य जाऊ द्या, कार्य जाऊ द्या, आचार्य जाऊ द्या, शेतकऱ्याला थांबवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचे पैसे ते लावत नाहीत.

याच्या पुढची गोष्ट भाऊ फक्त खास गिऱ्हाइकाला सांगतात. हा मिशीवाला र युनिकोडमध्ये दोन वाटांनी लिहिता येतो. एक वाट साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक न दिसणारी जोडखूण टाकायची. दुसरी वाट 0931 क्रमांकाच्या र ची. हा खाली नुक्ता असलेला र तक्त्यात ठेवलाय तो मुळात द्रविड भाषांतला एक उच्चार देवनागरीत लिहिता यावा म्हणून. त्याचा अर्धा अवतार म्हणजे आपला मिशीवाला. दोन्ही वाटांनी पडद्यावर उमटतं ते अगदी एकसारखं. मशीनच्या लेखी मात्र दोन वेगळी माणसं.

एका यादीत वऱ्हाडे आडनावाची बरीच मंडळी होती. 'वऱ्हाडे' शोधलं की निम्मीच सापडत. बाकीचे कागदावर डोळ्यांना दिसतात, मशीन म्हणतं नाहीतच. यादी घेऊन आलेला बाबू रडकुंडीला आलेला. भाऊंनी कर्सर र च्या पुढ्यात ठेवून एकदा मागे, एकदा पुढे नेला, डोळे बारीक केले.

"माणसं हायेत सायेब. र दुसऱ्या घरचा हाय."

"म्हणजे काय करायचं?"

"काही नाही. सगळ्यायले एका घरी आणतो. पण लक्षात ठेवा, आपल्या शेतकऱ्यातला र तिकून मद्राशाकून उसना आनेल हाय. म्हून तं त्याले इकडं कोणी ओळखत नाही."

गिऱ्हाइकांचे प्रकार सांगत बसलो तर संध्याकाळ होईल. पण गुरुजींना सोडून पुढे जाता येत नाही. गुरुजींना शाळेची फाईल पीडीएफमध्ये पाठवायची होती. त्यांनी फाईलच्या नावातलं 'डॉक' खोडलं, 'पीडीएफ' लिहिलं आणि पाठवून दिली. वरून उत्तर आलं, फाईल खराब आहे. गुरुजी संतापून गाळ्यात. भाऊंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग चार लोकांदेखत शिकवणी घेतली: "गुरुजी, नाव बदललं तुम्ही. फाईल कधी बदलणार?"

दैवाची लीला अशी, की गुरुजी पाणी पीत असतानाच दुसरं गिऱ्हाईक आलं. त्याची डॉक्स फाईल उघडेना. 'ओपन'च्या बटणाशेजारच्या बारक्या बाणातलं 'ओपन अँड रिपेअर' झालं, 'कुठल्याही फाईलमधून मजकूर काढा' तेही झालं, उपयोग शून्य. तेव्हा भाऊंनी शेवटचं अस्त्र काढलं. वर्डनं 2007 मध्ये जुनी डॉक सोडून जी डॉक्स आणली, ती मुळात एक झिप असते. आत कप्पे, कप्प्यांत एक्सएमएलच्या फायली, आणि 'वर्ड' नावाच्या कप्प्यातल्या 'डॉक्युमेंट' फायलीत सगळा मजकूर. भाऊंनी नावातलं 'डॉक्स' खोडलं, 'झिप' लिहिलं, आत शिरले आणि मजकूर काढून दिला.

गुरुजींनी ग्लास खाली ठेवला. "आता तुम्ही काय केलं?"

"काय केलं?"

"नाव बदललं."

गाळ्यात शांतता.

"मंग माह्यानं काहून नाही झालं?"

"गुरुजी," भाऊ म्हणाले, "थे पहिल्यापासूनच झिप होतं. तुमचं पहिल्यापासून पीडीएफ नव्हतं." तांत्रिकदृष्ट्या उत्तर अगदी अचूक होतं. गुरुजींना ते आजही पटलेलं नाही. ते भाऊंच्या दुकानावरून जाताना पलीकडच्या बाजूनं जातात.

आणि ते पीएच.डी.वाले सर. साडेतीनशे पानांचा प्रबंध कृतिदेवात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम आले तेव्हापासून प्रबंधाची वाङ्मयचौर्याची तपासणी सॉफ्टवेअरनं होते, दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. सरांचा प्रबंध सॉफ्टवेअरला घातला, त्यानं ती साडेतीनशे पानं इंग्रजी समजून वाचली आणि असं काही जगात आजवर कोणी लिहिलेलं नाही, असा निर्वाळा दिला. सर पेढे वाटायच्या बेतात. तेवढ्यात मार्गदर्शकांनी सांगितलं, युनिकोडमध्ये आणा. भाऊंनी चार दिवस राबून सगळं युनिकोड करून दिलं, बेवारस वेलांट्या जागी लावल्या, मिशीवाले र सांभाळले. प्रबंध पुन्हा तपासायला गेला. आता सॉफ्टवेअरला मराठी दिसत होतं, आणि जे दिसत होतं त्यातलं निम्मं ओळखीचं होतं.

रात्री नऊला, शटर अर्धं खाली आलेलं असताना, सर वाकून आत आले.

"भाऊ, हे उलटं कन्व्हर्ट होते काय?"

"होते ना. पानाले दहा."

यवतमाळात 2019 च्या जानेवारीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. 92वं, अध्यक्ष अरुणा ढेरे. त्याआधीचं इथलं संमेलन 1973 चं, गदिमांचं. तेव्हा भाऊंचा जन्म होऊन फार दिवस झाले नव्हते आणि छापखान्यात शिशाचे खिळे होते. खिळा कधी दुसऱ्या मशीनवर जाऊन इंग्रजी होत नाही, हे भाऊंचं त्या काळाविषयीचं एकमेव कौतुक. 2019 च्या वेळी भाऊंचा गाळा रात्रभर उघडा होता, कवींची रीघ. संमेलनाचं साहित्यिक मूल्यमापन भाऊंनी नंतर एका वाक्यात केलं: "निम्म्यायच्या कविता चौकोनात होत्या." म्हणजे फॉन्ट नसल्यामुळे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. मी दोन-तीन कविता उघडल्यावरही ऐकल्या आहेत. भाऊंचं विधान मला फार अन्यायकारक वाटत नाही.

त्या संमेलनाचं उद्घाटन नयनतारा सहगल करणार होत्या, ते निमंत्रण मागे घेतलं गेलं, आणि मग त्यांचं न झालेलं भाषण मराठीत होऊन महाराष्ट्रभर फिरलं, हे सगळ्यांना आठवत असेल. गावात महिनाभर त्यावर वाद झडले, चहाच्या टपऱ्यांवर दोन तट पडले. भाऊ कुठल्याच तटात नव्हते. त्यांच्याही मोबाईलवर ते भाषण आलं होतं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत बोटानं सरकवून पाहिलं. एकही बेवारस नाही.

"युनिकोडात होतं म्हून फिरलं," ते म्हणाले. "कृतिदेवात असतं तं लोहाऱ्याच्या पुढं गेलं नसतं." मग थोडं थांबून, हिशोब केल्यासारखं: "अडवणाऱ्यायनं इचारलं असतं तं सांगितलं असतं."

हे सगळं किती दिवस चालणार, हा प्रश्न भाऊंना कोणी विचारत नाही; तो त्यांच्या चेहऱ्यावरच असतो. एखादी फाईल पहिल्याच क्लिकला नीट उघडली की त्यांचा चेहरा पडतो. ते ती बंद करून पुन्हा उघडतात. "आता उघडली," असं गिऱ्हाईक आनंदानं म्हणतं तेव्हा "उघडली खरी" एवढंच बोलतात, आणि पैसे घेत नाहीत. उघडलेल्या फाईलचे पैसे घेणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. हल्ली असे फुकट दिवस वाढले आहेत.

दिवाळीत हिंजवडीतला पुतण्या आला आणि त्यानं जखमेवर मीठ चोळलं. मोबाईल तोंडापुढे धरला, माइकचं चिन्ह दाबलं, दोन वाक्यं बोलला. मराठी, युनिकोड, शुद्ध, वेलांट्या जागच्या जागी. "काका, आता टायपिंगच संपलं. बोलायचं फक्त." भाऊंनी दोन बडीशेपेच्या गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. त्या दिवाळीत त्यांनी म्हाताऱ्या मशीनला हार घातला तो काढलाच नाही.

पुतण्या गेला. नंतरच्या पावसाळ्यात झरीकडचे एक काका आले. हातात नातवाचा मोबाईल. नातवानं त्यांना बोलून लिहायला शिकवलं होतं आणि तहसीलात द्यायचा अर्ज त्यांनी स्वतःच, धुऱ्यावर उभं राहून, मोबाईलला सांगितला होता. फक्त प्रिंट हवी होती. भाऊंनी मजकूर पडद्यावर घेतला. एकही चौकोन नाही. एकही बेवारस नाही. मिशीवाला र ऐटीत. नेहमीप्रमाणे अक्षरं पाहून ते प्रिंटचं बटण दाबणार, तेवढ्यात काका म्हणाले, "वाचून दाखवा न जी एकडाव. चष्मा घरी रायला."

भाऊंनी वाचलं: "मायावर राणी शिरली. तलाठी आला नाही. पंचनामा कानून नाही झाला."

काका म्हणाले, "मी असं नाही म्हनलं."

"मंग काय म्हनलं?"

"माह्या वावरात पानी शिरलं. पंचनामा काहून नाही झाला."

भाऊंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. पडद्याकडे बघितलं. अक्षरं सगळी बरोबर होती, त्यांच्याकडून काही मदत होण्यासारखी नव्हती. कन्व्हर्टरमध्ये घालायचं तर कशातून कशात? फाईंड-रिप्लेसमध्ये राणी घालून पाणी करावं तर पुढच्या ओळीत काकांच्या शेतशेजाऱ्याच्या नावात राणी होती, खरी.

"काका," खुर्ची पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "तुम्हाले म्हणायचं काय हाय, थे सांगा बरं पहिल्यापासून."

काका बसले. त्यांनी पहिल्यापासून म्हणजे पेरणीपासून सांगितलं. दुबार पेरणी, बियाण्याची उधारी, नाल्याची वाट अडवून बांधलेला शेजाऱ्याचा बांध, त्या बांधावरून पंधरा वर्षांपूर्वी झालेली मारामारी, त्या मारामारीत मधे पडलेला जावई आणि त्याचं पुढे काय झालं ते. भाऊ खटके मारत होते. मधेच थांबून "मंग?" म्हणत होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं दोनदा चहा पाठवला आणि तिसऱ्यांदा स्वतःच येऊन दारात उभा राहिला, जावयाचं ऐकायला.

अर्ज एका पानाचा झाला. काकांनी अंगठा... नाही, सही केली, ऐटीत. मग बंडीच्या खिशात हात घातला.

"किती झाले?"

"वीस."

"टायपाचे वीस. अन् ऐकून घेतलं त्याचे?"

भाऊंनी भिंतीवरच्या दरपत्रकाकडे वर-खाली पाहिलं. लग्नपत्रिका होती, प्रबंध होता, बेवारस वेलांटीसुद्धा होती.

"थो फॉन्ट नवा हाय काका," ते म्हणाले. "पुढच्या खेपेले सांगतो."